सात रिपोर्ट निगेटिव्ह, तरी एचआयव्हीची भीती का जात नाही?

प्रश्न (थोडक्यात) : वय २९, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. अकरा महिन्यांपूर्वी मित्रांबरोबर बाहेरगावी गेलो असताना देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीशी एकदाच संबंध आला. कंडोम वापरला होता, तो फाटला नव्हता. त्यानंतर २८ व्या दिवसापासून नवव्या महिन्यापर्यंत सात तपासण्या केल्या. चार फोर्थ जनरेशन, दोन रॅपिड, एक पीसीआर. सगळ्या निगेटिव्ह. तरी जिभेवर पांढरा थर दिसतो, मानेत गाठ लागते, जुलाब होतात, रात्री घाम येतो. बहिणीच्या दोन वर्षांच्या मुलीला मी जवळ घेत नाही. वैशाखात लग्न आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर आणखी एक तपासणी करू का? शंभर टक्के खात्री कशी मिळेल? होणाऱ्या बायकोला सांगू का? केलेल्या पापाची शिक्षा मिळणारच असं वाटतं. कधी कधी वाटतं, असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं.

उत्तर :

सर्वांत आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मी सुरुवात तिथूनच करते. असा विचार नुसता मनात येऊन जातो, की कसं आणि कधी इथपर्यंत पोचतो, हे पत्रावरून मला कळत नाही. तिथपर्यंत पोचत असेल, तर पुढचं वाचण्याआधी घरातल्या एका माणसाला उठवा. कारण सांगायची गरज नाही. "मला जगणं नकोसं झालंय, माझ्याजवळ बस," एवढं पुरे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. या भीतीतून माणसं बाहेर येतात, हे मी माझ्यासमोर घडताना पाहिलं आहे. तेवढा वेळ मात्र तुम्ही सुखरूप असायला हवं.

आता तपासणी. करू नका. वर्षाचीही नाही, "लग्नाआधी शेवटची" अशीही नाही.

कारण सांगते, पण एकदाच. फोर्थ जनरेशन तपासणी रक्तात दोन गोष्टी शोधते. एक म्हणजे विषाणूचाच भाग असलेलं पी-२४ हे प्रथिन आणि दुसरी, शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. पी-२४ आधी दिसतं, प्रतिपिंडं मागून येतात. म्हणून लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर केलेली ही तपासणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, की त्या प्रसंगापुरता विषय संपतो. बोटाला टोचून करतात त्या रॅपिड तपासणीसाठी ९० दिवस धरतात. तुम्ही दोन्ही मुदती केव्हाच ओलांडल्या आहेत. "विषाणू वर्षभर लपून राहतो" हे तुम्ही वाचलंत, त्याचं मूळ जुनं आहे. एचआयव्हीची पहिली एलायझा तपासणी १९८५ साली वापरात आली. त्या पिढीच्या तपासण्यांना प्रतिपिंडं उशिरा सापडत, म्हणून सहा-सहा महिने थांबायला सांगत. तपासण्या बदलल्या, ती वाक्यं इंटरनेटवर तशीच राहिली. एचआयव्ही-२ ची, म्हणजे विषाणूच्या दुसऱ्या, कमी आढळणाऱ्या प्रकाराची शंका तुम्ही घेतली आहे. आपल्याकडच्या तपासण्या दोन्ही प्रकार धरतात. प्रसंगानंतर ७२ तासांत सुरू करतात तो २८ दिवसांचा प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स तुम्ही घेतला असता, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असती, तर हिशेब थोडा वेगळा करावा लागला असता. दोन्ही नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. आणि कंडोम न फाटता वापरलेला असल्यामुळे मुळात पहिल्या तपासणीचंही फारसं कारण नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी लॅबच्या काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. कोणतीही तपासणी क्वचित एखाद्या निरोगी रक्तातही चुकून रिॲक्टिव्ह, म्हणजे विषाणू असल्याचा इशारा देणारी, येते. म्हणूनच सरकारी केंद्रांत एका किटवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या तपासण्या लावतात. कारण नसताना माणूस तपासत राहिला, तर असा चुकीचा निकाल कधीतरी त्याच्या वाट्याला यायची शक्यता दर वेळी थोडी थोडी वाढत जाते. त्या दिवशी तुमचं काय होईल, याचा विचार करा.

यातलं जवळजवळ सगळं तुम्हाला माहीत होतं. तुमच्या पत्रातला तपशील एखाद्या लॅब टेक्निशियनला शोभेल असा आहे. माहिती कमी पडली असती तर ही भीती तिसऱ्याच महिन्यात संपली असती.

मी २००१ मध्ये एका सरकारी रुग्णालयाच्या केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू झाले. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणारं ते केंद्र. तेव्हा त्याला व्हीसीटीसी म्हणत, पुढे आयसीटीसी झालं. टेबलापलीकडच्या माणसाला रिपोर्ट सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. ज्यांचा रिपोर्ट रिॲक्टिव्ह यायचा ते कोसळायचे, गप्प बसायचे, आणि आठवड्याभराने परत येऊन विचारायचे, गोळ्या कुठे मिळतील, बायकोची तपासणी कधी करू, मुलाच्या शाळेत कळेल का. त्यांच्या प्रश्नांना पुढची वाट असायची. काही माणसं मात्र निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन परत परत यायची आणि एकच विचारायची, "नक्की ना, मॅडम?"

त्यांच्यापैकी एका शिक्षकांच्या बाबतीत मी चूक केली. त्यांची तगमग बघवत नसे, म्हणून चार वेळा मी त्यांची तपासणी होऊ दिली. पाचव्या खेपेला मी विचारलं, "रिपोर्ट पाहिल्यावर बरं वाटतं का?" ते म्हणाले, "वाटतं. बसस्टँडपर्यंत." रुग्णालयापासून बसस्टँड दहा मिनिटांवर होता. गजकर्ण खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि ते पसरतं, तसं मी त्यांचं पसरवत होते. तेव्हापासून असा माणूस समोर आला की मी तपासणीचा फॉर्म बाजूला ठेवते.

वैद्यकीय भाषेत याला आजाराची चिंता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात हा विकार ओसीडीच्या (नको असलेले विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती यांचा विकार) शेजारी, त्याच गटात ठेवला आहे. मला ही जागा पटते, कारण दोन्हींचं चाक सारखंच फिरतं. शंका येते, जीव घाबरा होतो, मग माणूस काहीतरी तपासतो, घटकाभर हायसं वाटतं. मेंदू त्यातून एवढंच शिकतो, की धोका खरा होता आणि तपासलं म्हणून वाचलो. पुढची शंका जास्त जोरात येते. तुमच्या बाबतीत "तपासणं" म्हणजे नुसती लॅब नाही. आरशात जीभ बघणं, मानेतली गाठ चाचपणं, वजनकाट्यावर उभं राहणं, रात्री दोन वाजता मोबाईलवर लक्षणं शोधणं, मित्राला "तुला काय वाटतं?" विचारणं, त्या रात्रीचा प्रसंग मनात पुन्हा पुन्हा चालवून कंडोम शेवटपर्यंत नीट होता ना हे आठवणं. ही सगळी एकाच कुळातली.

लक्षणांचं थोडक्यात सांगते. मानेत, जबड्याखाली वाटाण्याएवढ्या गाठी निरोगी माणसालाही हाताला लागतात. त्या दिवसातून वीसदा दाबल्या की दुखतात, आणि दुखल्या की पुन्हा दाबाव्याशा वाटतात. भीतीने तोंडाला कोरड पडते, कोरड्या जिभेवर थर जमतो. आतडी तर मनाचं सगळ्यांत आधी ऐकतात. परीक्षेच्या सकाळी पोट का बिघडतं हे आपल्याला ठाऊक असतं. तुम्ही दुखणं खोटं सांगताय असं मी म्हणत नाही. जुलाब खरे आहेत, घामही खरा आहे. ते घाबरलेल्या शरीराचे आहेत. जुलाब, घाम थांबत नसतील किंवा वजन खरोखर उतरत असेल, तर फॅमिली डॉक्टरांना एकदा दाखवा, पोटासाठी दाखवतो तसं, आणि ते जे सांगतील त्यावर थांबा.

आता तुमच्या पत्रातल्या "पाप" या शब्दाकडे येते. माझ्या मते सगळं दुखणं त्यात आहे.

इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक माणसांच्या भीतीच्या बुडाशी धोका नव्हता, लाज होती. एका बाईंना लग्नाआधीच्या फक्त एका चुंबनावरून ही भीती बसली होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, दोन मुलं होती. एका मुलाने तर कुणाला स्पर्शही केला नव्हता. हस्तमैथुनाने "धातू जाते, आजार लागतो" हे गावातल्या भिंतीवर वाचून तो तिथून एचआयव्हीपर्यंत आला होता. उलट रुग्णालयात ज्यांना खरोखर सुई टोचायची, त्या परिचारिका बाधित रक्ताचा संबंध असला तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायच्या, सांगितलेल्या तारखांना तपासणी करायच्या आणि कामाला लागायच्या. त्यांचा धोका तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पण आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटत नव्हतं, म्हणून त्यांची भीती वेळेत संपायची.

तुम्ही स्वतःला शिक्षा आधीच ठोठावली आहे, रिपोर्टकडे फक्त तिची तारीख मागताय. लॅब रक्ताबद्दल बोलते. तुम्ही चांगले आहात की वाईट, हे ती सांगू शकत नाही. सात रिपोर्टांनी तुमचं समाधान झालं नाही, ते यामुळे.

त्या रात्रीबद्दल तुम्हाला वाईट वाटतं, तर वाटू द्या. ते वाटणं दाबायला मी सांगणार नाही. तुमच्या मूल्यांत ते बसत नव्हतं, मित्रांच्या भरीला पडून तुम्ही ते केलं, पुन्हा करायचं नाही असं ठरवलं. खेदाचं काम तिथे संपतं. विषाणूला पाप-पुण्य कळत नाही. तो रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांच्या वाटेने जातो, वाट नसेल तर जात नाही. निष्ठेने संसार करणाऱ्या कितीतरी बायकांना तो नवऱ्याकडून मिळाला. त्यांनी कोणतं पाप केलं होतं? एचआयव्ही म्हणजे शिक्षा, ही कल्पना अशा बायकांचाही अपमान करते, आणि ती सोडायला हे एक कारणही पुरेसं आहे.

तुमच्या मनातलं चित्रही जुनं आहे. नव्वदच्या दशकातल्या कवट्यांच्या पोस्टरांचं. मी नोकरीला लागले तेव्हा ते चित्र खरं होतं. आमच्या वॉर्डात माणसं त्याच अवस्थेत यायची. एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, मोफत द्यायला सुरुवात केली आणि आमच्या डोळ्यांसमोर तो वॉर्ड रिकामा होत गेला. आज रोज गोळी घेणारी, रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे दबलेली माणसं नोकरी करतात, लग्न करतात, त्यांच्या जोडीदाराला लैंगिक संबंधांतून लागण होत नाही, त्यांची मुलं निरोगी जन्मतात. "तुम्हाला झाला असेल तरी हरकत नाही" असा याचा अर्थ काढू नका, तुम्हाला तो झालेला नाही. पण ज्या राक्षसाला घाबरून तुम्ही आयुष्य थांबवलं आहे, तो राक्षसही आता तसा उरलेला नाही.

शंभर टक्के खात्रीचं काय? ती मिळणार नाही. मला माझ्या जिवाची नाही, तुम्हाला संध्याकाळी नाशिकचा गर्दीचा द्वारका चौक ओलांडतानाही नाही. तिथे तुम्ही ती मागत नाही, दोन्हीकडे बघता आणि पाऊल टाकता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती इथे एक भेद करायला शिकवते. "खात्री मिळाली तर बरं होईल" ही इच्छा आहे, "मिळालीच पाहिजे, नाहीतर मी जगू शकत नाही" हा हट्ट आहे. इच्छा अपुरी राहिली तर माणूस चुटपुटतो. हट्ट अपुरा राहिला की तो आठवी तपासणी करतो.

आता करायचं काय. रिपोर्टची फाईल बहिणीच्या नवऱ्याकडे द्या, त्यांच्याशी तुमचं जमतं असं लिहिलंय म्हणून. मोबाईलवर एचआयव्हीबद्दल शोधणं आजपासून बंद. थोडंथोडं कमी नाही, बंद, कारण यात "फक्त पाच मिनिटं" कधीच पाच मिनिटं राहत नाहीत. गाठ चाचपण्याची सवय मात्र एका दिवसात सुटत नाही. तिथे उशीर करायचा. हात मानेकडे गेला की आधी दहा मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात अर्धा तास, मग रात्रीपर्यंत. पहिल्या थांबण्यात जीव कासावीस होईल, छाती धडधडेल. काहीही न करता बसलात तर ती लाट चढते आणि आपोआप उतरते. हे मी सांगून पटत नाही, दोन-तीनदा स्वतः अनुभवावं लागतं.

शंका आली की तिच्याशी वाद घालू नका. "नाही, मला झालेलं नाही, कारण ४५ व्या दिवशी..." असं स्वतःला समजावणं हीसुद्धा तपासणीच आहे. फक्त म्हणा, "आली शंका. असेल, नसेल. मी आत्ता मशीनवर उभा आहे." आणि हातातलं काम करत राहा. हे फार कोरडं वाटेल. पण शंकेला उत्तर मिळालं नाही की ती येणं कमी करते. मी वर तपासणीचं स्पष्टीकरण एकदाच देणार म्हणाले, ते याचसाठी. ते पुन्हा पुन्हा उघडून वाचू नका.

मित्रालाही यात घ्या. बिचारा अकरा महिने "काही नाही रे तुला" म्हणतोय, आणि त्याच्या नकळत त्याने भीतीला खाऊ घातलं आहे. त्याला सांगा, "मी विचारलं तर उत्तर देऊ नकोस. चल, चहा घेऊ म्हण." चिडचिड होईल तुमची. होऊ दे.

हे सगळं एकट्याने करणं कठीण आहे. ओसीडीसाठी जी उपचारपद्धती वापरतात, भीतीला सामोरं जायचं आणि तपासायचं नाही, ती जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे काही आठवडे जा. झोप उडाली आहे आणि मरणाचे विचार येतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटाच. जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढून हे होतं, खर्चाची अडचण येत नाही. ते बहुधा एसएसआरआय या चिंता आणि नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली गोळी सुचवतील. तिच्याबद्दल तुम्हाला आधीच सावध करते, कारण तुम्ही कोणत्या पानावर अडकाल ते मला ठाऊक आहे. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, पातळ शौच, थोडी अस्वस्थता होऊ शकते. ती गोळीची असते आणि बहुधा ओसरते. अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार जास्त येऊ लागले, तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, तिची सवय लागते.

होणाऱ्या बायकोबद्दल. आज सांगू नका. सांगणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. पण आज तुम्ही सांगाल ते सुटका व्हावी म्हणून. ती घाबरली तर तुम्ही जास्त घाबराल, ती "काही होत नाही" म्हणाली तर उद्या पुन्हा विचाराल. तिच्या आरोग्याला तुमच्यापासून या बाबतीत धोका नाही, तेव्हा लपवून तुम्ही तिला संकटात टाकत नाही. उरतो तो नात्यातल्या मोकळेपणाचा प्रश्न. त्याचं उत्तर दोन-तीन महिन्यांनी, मन थाऱ्यावर असताना, तुमचं तुम्हीच द्यायचं आहे. तेव्हा सांगावंसं वाटलं तर जरूर सांगा. लग्नाआधी दोघांच्या तपासण्या करू असं तिच्याकडून किंवा घरातून निघालं, तर सरळ जा, दोघं मिळून, एकदाच. तुम्ही होऊन तो विषय काढू नका. आणि भीती पूर्ण गेल्याशिवाय लग्न नाही, असंही ठरवू नका. भीती थोडी असतानाही माणसं मांडवात उभी राहतात.

शेवटी भाची. मांडीवर घेतल्याने, पापा घेतल्याने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही जात नाही, ज्याला तो आहे त्याच्याकडूनही नाही. तरी भीती वाटणार, म्हणून पायऱ्यांनी जा. या रविवारी तिच्या शेजारी बसून जेवा. पुढच्या रविवारी तिला मांडीवर घ्या आणि आधी-नंतर हात धुऊ नका. त्यानंतर तिला तुमच्या वाटीतला वरणभात भरवा. तिला गेले अकरा महिने मामा का घेत नाही हे कळत नसेल, पण घेत नाही हे नक्की कळतं.

पत्रासोबत जिभेचे चार फोटो जोडले आहेत. ते मी उघडले नाहीत आणि उघडणार नाही. महिन्याभराने पुन्हा लिहा. त्यात जुलाब किती झाले ते नको. गाठ न चाचपता किती वेळ काढलात, मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी गेलात, आणि भाची मांडीवर किती वेळ टिकली, तेवढं कळवा.